शिडाची गाठ: परीक्षा ढिल्या दोराची

शिडाच्या होडीत डोलकाठीवर शीड चढवणाऱ्या दोराला हॅलयार्ड म्हणतात. त्याचं एक टोक शिडाच्या वरच्या कोपऱ्याला बांधलेलं असतं. तिथून दोर डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीवरून वळतो आणि आजकालच्या बहुतेक होड्यांत डोलकाठीच्या पोकळीतून खाली येतो. खालून ओढलं की शीड वर.

वरच्या कोपऱ्याची ती गाठ सुटली, तर शीड धाडकन खाली येतं. हे नुकसान त्यातल्या त्यात किरकोळ. खरी पंचाईत डोलकाठीच्या माथ्यावर होते. मोकळं झालेलं टोक हलकं आणि पोकळीत लोंबणारा दोर जड. त्यामुळे टोक सरसर वर खेचलं जातं, कप्पीवरून पलीकडे उतरतं आणि आत गडप होतं. मग कुणाला तरी डोलकाठीवर चढवावं लागतं. बंदरात हे जमतं. भर समुद्रात होडी चार-दोन अंशांनी कलली तरी माथ्यावरचा माणूस हवेत मीटरभर झोका खातो. शिवाय त्याला वर खेचायला खाली कुणीतरी लागतं. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. त्याच होडीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता पाच महिन्यांत जग फिरून आले. अशा प्रवासात खाली दोर धरायला दुसरं कुणीच नसतं.

तर मग इथे कोणती गाठ मारावी? विचारलंत तर बहुतेक जण ‘बोलाइन’ सांगतील. स्काउटपासून नौदलापर्यंत सगळीकडे शिकवली जाणारी ही गाठ खरोखर गुणी आहे: पटकन बसते, न सरकणारा फासा देते आणि कितीही ताण पडून गेला तरी नंतर सहज सुटते. पण हॅलयार्डच्या बाबतीत हा शेवटचा गुणच अवगुण ठरतो, असं माझं मत आहे. बोलाइन घट्ट राहते ती ताणाच्या जोरावर. ताण गेला की तिची वळणं सैल होतात. आणि हॅलयार्डवरचा ताण वारंवार जातो: शीड चढवताना, उतरवताना, वाऱ्याला तोंड देऊन होडी वळवताना. शीड फडफडू लागलं की माथ्यावरची गाठ मिनिटाला कित्येक हिसके खाते.

नुसत्या हिसक्यांनी गाठ कशी सुटते, हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ऑलिव्हर ओरायली यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी अभ्यासली ती बुटाच्या नाडीची गाठ. धावताना पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा नाडीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो. त्याने गाठ थोडी सैल होते. त्याच वेळी मोकळी टोकं पुढेमागे झुलत असतात आणि त्यांचं जडत्व त्यांना बाहेर ओढत असतं. यांपैकी एकच गोष्ट घडली तर गाठ टिकते. दोन्ही एकत्र आल्या की टोक किंचित सरकतं, बाहेरचं टोक लांबतं, लांब टोक अधिक जोराने झुलतं आणि मग दोन-चार पावलांतच सगळं सुटतं. फडफडणाऱ्या शिडाच्या गाठीलाही हेच दोन्ही जाच सोसावे लागतात. तेव्हा हॅलयार्डची गाठ किती वजन पेलते हे नंतर बघावं. दोर ढिला असताना ती काय करते, हे आधी बघावं.

जुन्या शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी या प्रश्नाचं उत्तर काढून ठेवलं आहे. चौकोनी शिडाचा खालचा काठ वर गोळा करणाऱ्या दोराला बंटलाइन म्हणत. हा दोर सतत थरथरणाऱ्या कापडाला बांधलेला, त्यामुळे साध्या गाठी तिथे टिकत नसत. त्यातून आलेली गाठ म्हणजे ‘बंटलाइन हिच’. शिडाच्या माथ्याला जी कडक पट्टी असते, तिच्या भोकातून दोराचं टोक काढायचं. ते ताणाच्या दोरावर आडवं टाकून त्याला एक वेढा द्यायचा. आता दुसरा वेढा. तो पहिल्याच्या वरच्या बाजूला घ्यायचा नाही, तर पहिला वेढा आणि भोक यांच्या मधल्या जागेत घ्यायचा आणि टोक त्याच वेढ्याखालून काढायचं. मग वरचा दोर ओढला की सगळी गाठ सरकत जाऊन पट्टीला टेकते आणि टोक गाठ व पट्टी यांच्या मध्ये चिमटलं जातं. प्रत्येक हिसक्याने ती आणखी आवळते. गळ्यात टाय बांधणाऱ्यांच्या बोटांना ही गाठ ठाऊकच आहे. टायची सगळ्यात साधी गाठ रचनेने हीच.

तिचा आणखी एक फायदा म्हणजे आखूडपणा. बोलाइनचा फासा आणि गाठ मिळून माथ्यावर काही इंच खातात. गाठ कप्पीला जाऊन अडली की शीड तेवढं खालीच राहतं आणि त्याची पुढची कड हवी तशी ताणता येत नाही. ती कड सैल राहिली की शिडाचा फुगवटा मागे सरकतो आणि होडी पुढे जाण्याऐवजी आडवी जास्त कलते.

ताकद मात्र कुठलीही गाठ कमीच करते. बोलाइन मारलेल्या दोरात मूळ ताकदीच्या साधारण साठ-सत्तर टक्के उरते. वळणावर बाहेरच्या तंतूंना लांबचा रस्ता पडतो, म्हणून सगळा भार त्यांच्यावर येतो आणि आतले तंतू जवळजवळ रिकामे राहतात. पोलंडचे प्योत्र पिएरान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या स्पॅगेटीला गाठी मारून त्या ओढून पाहिल्या होत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोर तुटतो तो गाठीच्या पोटात नव्हे, गाठीत शिरण्याच्या जागी. हॅलयार्ड तपासताना नजर तिथेच जायला हवी.

ही सगळी चर्चा पॉलिएस्टरच्या दोराची. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या डायनीमा या धाग्याने गणितच बदललं. वजनाच्या मानाने तो पोलादाहून कितीतरी मजबूत, जवळजवळ न ताणणारा, पाण्यावर तरंगणारा आणि विलक्षण गुळगुळीत. खांबाला दिलेल्या वेढ्यांची पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, हे गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकातच मांडलं. घर्षणांक ०.२ असेल तर तीन वेढ्यांनंतर टोकाशी एक किलोचा जोर पलीकडचा सुमारे ४३ किलोंचा ताण थोपवतो. घर्षणांक ०.०७ झाला की तेच तीन वेढे चार किलोसुद्धा थोपवू शकत नाहीत. गाठ उभी असते ती याच पकडीवर. म्हणून उघड्या डायनीमात बोलाइन तुटण्याच्या आधीच घसरू लागते.

अशा दोराला गाठ मारूच नये. दोराचं टोक फासा करून त्याच दोराच्या पोकळ विणीत, व्यासाच्या साठ-सत्तर पट लांबीपर्यंत खुपसायचं. ताण येताच बाहेरची वीण आवळते आणि आतला भाग घट्ट धरते. ढिलाईत तो निसटू नये म्हणून वरून टाके घालायचे. या जोडाला स्प्लाइस म्हणतात आणि त्यात मूळ ताकदीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास उरते. मोठ्या होड्यांवर अशा फाशात शॅकल, म्हणजे खिळीने बंद होणारी धातूची कडी, अडकवतात. तिची खीळ फडफडीने फिरून निघू शकते, म्हणून तीही तारेने बांधून टाकणं बरं.

लहान होडीवर पॉलिएस्टरच्या कवचाचा दोर असेल, तर माझी पसंती बंटलाइन हिचलाच. ती आवळली की सोडवताना नखं दुखतात, अशी तक्रार असते. पण शीड पूर्ण चढल्यावर दोराचा तोच वीतभर भाग रोज कप्पीवर बसतो आणि झिजतो. नवा हॅलयार्ड घेताना दीड-दोन मीटर जास्तीचा घ्यावा आणि हंगाम संपला की गाठ सोडवत न बसता गाठीसकट वीतभर दोर कापून टाकावा. पुढच्या हंगामात कप्पीवर न झिजलेला भाग येतो.