आधी धक्का, मग नौका

उजनी धरण भरले की भिगवण, पळसदेव, कळाशीच्या काठावरून समोरचा काठ धूसर होईपर्यंत पाणीच पाणी दिसते. मग गोव्यासारख्या नौका इथे का नकोत, हा प्रश्न निघतोच. इंदापूर आणि बारामतीत पैसा आहे, पुणे दोन-अडीच तासांवर आहे, हौशी माणसांनाही तोटा नाही. अशा वेळी चर्चा अडकते ती नौकेच्या किमतीपाशी. जगातल्या आलिशान नौकांच्या धंद्याचा अनुभव मात्र सांगतो की नौका विकत घेणे हा त्यातला सर्वात सोपा भाग. ती ठेवायची कुठे, चालवायची कोणी आणि वर्षातले किती दिवस ती पाण्यावर राहणार, यावर हा धंदा तरतो किंवा बुडतो. उजनीलाही हाच हिशेब लागू आहे.

यॉटच्या धंद्यात एक ठोकताळा प्रचलित आहे: नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्या देखभालीवर जाते. खलाशांचे पगार, विमा, इंधन, धक्क्याचे भाडे, रंगरंगोटी हे सगळे त्यात आले, आणि नौका वापरली नाही तरी यातला बराच खर्च चालूच राहतो. म्हणून भूमध्य समुद्रावरचे अनेक मालक उरलेल्या दिवसांत नौका भाड्याने देऊन खर्च भरून काढतात. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे, तरी आजही बहुतेक नौका गेटवेसमोर उघड्या पाण्यात नांगरून ठेवाव्या लागतात. त्यात पावसाळ्याचे तीन महिने छोट्या बोटींची वाहतूक बंदच असते. श्रीमंतांच्या शहराला पावणेदोनशे वर्षांत जे पुरेसे जमले नाही, ते इंदापूर तालुक्याला एखाद-दुसरी चकचकीत बोट आणून जमेल, असे मानायला आधार नाही.

उजनीची अडचण तर समुद्राहून अवघड आहे. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण तिचे वेळापत्रक ठरलेले असते. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी इथे कोणालाच नवी नाही. 2024 च्या जूनमध्ये पातळी उणे 60 टक्क्यांच्या आसपास होती. पाणी असे उतरले की काठ दूर सरकतो, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, आणि काँक्रीटचा पक्का धक्का कोरड्या गाळात उभा राहतो. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरी, झाडांचे बुंधे तळाशी आहेतच. खोल तळाच्या नौकेला ते धोक्याचे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पंख्यात अडकते, ती वेगळीच. इथे उथळ तळाची बोट आणि पाण्याबरोबर खाली-वर होणारा तरंगता धक्का हवा. त्याचे उद्घाटन दिमाखदार होणार नाही, हे खरे.

करांचा मुद्दा इथे हमखास येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या आणि खेळाच्या नौकांवर 40 टक्के जीएसटी आहे. आधी तो 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता. श्रीमंतांच्या चैनीवर कर लागला तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. म्हणणे गैर नाही, पण अमेरिकेने 1991 मध्ये बोटींच्या एक लाख डॉलरवरच्या किमतीवर दहा टक्के चैनकर लावला तेव्हा श्रीमंतांची खरेदी घटली आणि बोटी बांधणारे अनेक कारागीर बेकार झाले. 1993 मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. तरीही उजनीने या 40 टक्क्यांचे ओझे मनाला लावून घेऊ नये. प्रवाशांना फेरी मारून आणणाऱ्या सहलीच्या बोटी आणि फेरीबोटी वेगळ्या गटात येतात, त्यांच्यावर पाच टक्केच कर आहे. मालकीची चैन महाग आणि तिकिटाची फेरी स्वस्त, अशी ही रचना आहे. उजनीने कुठला धंदा धरायचा, याचे उत्तर त्यातच मिळते.

यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला, हे पाणी शेतीचे आणि पिण्याचे आहे, त्यावर करमणूक कशाला? पण बोट पाणी पीत नाही. आवर्तनाच्या वेळापत्रकावर पर्यटनाने कधीही हक्क सांगायचा नाही, एवढे मात्र लेखी ठरले पाहिजे. दुसरा आक्षेप पक्ष्यांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. कुंभारगाव, डिकसळला लोक येतात ते रोहित आणि पट्टकादंब बघायला. मोठ्या इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठले तर धंद्याचे भांडवलच उडाले. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर 2017 पासून 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची फेरीबोट चालते, डिझेलच्या धडधडीशिवाय. उजनीला हे उदाहरण इटलीतल्या कुठल्याही यॉटपेक्षा जवळचे आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना विजेवरच्या तीनचाकी गाड्या बनवतो. म्हणजे बॅटरी आणि मोटार समजणारे हात याच भागात आहेत. पाण्यावरचे काम शिकवणारा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये नसला म्हणून अडायला नको.

राहिला सुरक्षेचा भाग, आणि तोच आधी यायला हवा होता. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून आला, सहा जण गेले. ती हौसेची फेरी नव्हती, दोन काठांमधला रोजचा रस्ता होता. 2021 च्या कायद्याने अंतर्गत जलमार्गांवरच्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रशिक्षित चालक बंधनकारक केले आहेत. उजनीच्या जलपर्यटनाचा जो काही आराखडा असेल त्यातला पहिला रुपया तरंगत्या धक्क्यांवर, लाइफ जॅकेटांवर, वाऱ्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेवर आणि स्थानिक मच्छीमार नावाड्यांच्या परवान्यांवर खर्च व्हावा. ग्रामसभांनी तो आराखडा मागवून हीच बाब आधी तपासावी. आलिशान नौकेची निविदा त्यानंतर निघाली तरी चालेल.