माजघरांतील दूरदर्शन आणि हातांतील पडदे

ज्या दूरदर्शनास आम्ही जवळजवळ चाळीस वर्षें नांवें ठेवीत आलों, त्याचीच बाजू घेण्याचा प्रसंग आज आम्हांवर आला आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं हें वाचल्यास त्यांस हसूं आल्यावांचून राहणार नाहीं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आमच्या घरीं टीव्ही आला तो मात्र १९८७ सालीं, ‘रामायण’ मालिकेच्या निमित्तानें. दर रविवारीं सकाळीं आमचें माजघर घरच्या व शेजारच्या मंडळींनीं भरून जाई. एकदां ऐन वेळीं दूध उतूं जाऊं लागलें म्हणून मातोश्री उठल्या, आणि तेवढ्यांत वालिवध होऊन गेला! ती चुटपुट त्यांस कित्येक दिवस होती. एक वेळ, एक दृश्य, आणि तें कोणासाठीं थांबावयाचें नाहीं, असा तो कारभार. चिरंजीवांच्या क्रिकेटपुढें आम्हांस बसावें लागे, आमच्या बातम्या त्यांस सोसाव्या लागत. परंतु त्या सोसण्यांतच एकमेकांची आवडनिवड कळे.

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले, आणि लौकरच प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र पडदा आला. यूट्यूबवर जो मागेल त्यास, मागेल तेव्हां, मागेल तें मिळतें; शिवाय आपण काय पाहिलें याची नोंद राहून त्याच जातीचें आणखी पुढें केलें जातें. टाळेबंदींत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ पुन्हां दाखविलें गेलें, तेव्हां घरांतील मुलें “मग पाहूं” म्हणालीं. त्यांच्यापाशीं ‘मग’ केव्हांहि असतो! केवळ मुलांस दोष द्यावा, तर आम्हीच रात्रीं कानांत इअरफोन घालून पाणिनीवरील व्याख्यानें ऐकत असतों. ज्यासाठीं एके काळीं काशीस जावें लागे तें अंथरुणावर मिळतें. हा लाभ आम्ही कोणत्या तोंडानें नाकारावा?

मध्यंतरीं एके सायंकाळीं मातोश्रींनीं माजघरांतून हांक मारली, “अरे, घरांत कोणी आहे का?” त्यांचें वय शहाऐंशी. आम्ही सातहि जण घरांतच होतों.

त्या रात्रीं नातवानें आपला मोबाईल माजघरांतील टीव्हीस जोडून पणजीसाठीं कीर्तन लाविलें. आवाज ऐकून एकेक जण येऊन बसला. पूर्वरंग रंगांत आला असतां मातोश्री लगबगीनें उठूं लागल्या. दूध चुलीवर होतें. नातू म्हणाला, “पणजी, सावकाश जा, मी थांबवतो.” बुवा हात वर केलेल्या स्थितींत निश्चल उभे राहिले, आणि आम्हीहि बसून राहिलों. मातोश्री दूध उतरवून परत आल्या, पडद्याकडे पाहिलें व म्हणाल्या, “अगबाई! बुवा माझ्यासाठीं थांबले कीं काय?”