शंभर मीटरमध्ये किती दारं?

पुण्यात वाद घालायला विषय लागतोच असं नाही. पण पेठांमधून धड चालता येतं की नाही, हा विषय काढला की घरातल्या घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, फुटपाथ आहेच कुठे? जिथे आहे तिथे त्यावर स्कूटर चढवलेली, उरलेल्या जागेत हातगाडी, आणि मागून हॉर्न. दुसरा म्हणतो, अरे पण दूध, औषध, वह्या-पुस्तकं, चपलेला टाका घालणारा, नाटकाचं तिकीट हे सगळं दहा मिनिटांच्या पायी अंतरात आणखी कुठे मिळतं ते सांग. दोघंही खरं बोलतात. फुटपाथ जवळजवळ नाही आणि तरीही माणसं पायीच हिंडतात, हे कसं काय जमतं?

सुरुवात गणितापासून करू. समजा पेरूगेटापासून शनिपारापर्यंत तिरकं जायचंय. मधल्या भागात दोन आडव्या आणि दोन उभ्या पट्ट्या होतील इतपतच गल्ल्या असतील, तर कुठेही उलटं न फिरता जाण्याचे रस्ते होतात ६. आता त्याच जागेत प्रत्येक पट्टीच्या मधोमध एकेक बोळ काढा, म्हणजे चार आडव्या आणि चार उभ्या पट्ट्या. रस्ते किती होतील? बारा नाही, चोवीसही नाही, तब्बल ७०! अंतर तेवढंच, पावलं तेवढीच. प्रत्यक्षातल्या पेठा इतक्या आखीव नाहीत. काही बोळ मध्येच वाड्याच्या भिंतीला जाऊन थांबतात. पण तत्त्व तेच. एका चौकात मांडव असेल, दुसरीकडे खोदकाम असेल, किंवा ज्यांना टाळायचंय ते गृहस्थ समोरून येताना दिसले, तर शेजारच्या बोळात शिरायची सोय कायम हाताशी असते. छोट्या ठोकळ्यांच्या वस्त्या जिवंत का राहतात, हे अमेरिकेत जेन जेकब्स यांनी १९६१ साली आपल्या पुस्तकात मांडलं. त्याच वर्षी जुलैत इकडे पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे वाहून गेले. घरं गेली, पण गल्ल्या बऱ्याचशा आपल्या जागी राहिल्या.

दुसरी गोष्ट दारांची. माणूस सावकाश नाही आणि घाईतही नाही असा चालला, तर ताशी साधारण पाच किलोमीटर जातो. म्हणजे शंभर मीटरला ७२ सेकंद. जुन्या पेठेतले भूखंड रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल. दर सहा-सात मीटरला एक दर्शनी बाजू धरली, तर एका अंगाला शंभर मीटरमध्ये पंधरा दारं येतात. म्हणजे दर पाच सेकंदांना डोळ्यांपुढे काहीतरी नवं: घड्याळ दुरुस्त करणारा, पिठाची गिरणी, ओट्यावर पेपर वाचणारे आजोबा, दुपारी एक ते चार बंद असल्याची खणखणीत पाटी. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी आयुष्यभर हेच मोजलं: चालणाऱ्याच्या वेगाने बांधलेलं शहर वेगळं आणि मोटारीच्या वेगाने बांधलेलं वेगळं. उपनगरातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या कडेने चालून बघा. शंभर मीटर कुंपणभिंत आणि एक गेट. फुटपाथ रुंद, फरशी नवी, तरी ती ७२ सेकंदं संपता संपत नाहीत. अंतर पायांना कळतं त्याआधी डोळ्यांना कळतं, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट ऊन. चार मीटरचा बोळ आणि दोन्ही बाजूंना आठ मीटर उंच घरं असतील, तर सूर्य साधारण ६३ अंशांच्या वर चढल्याशिवाय ऊन जमिनीला टेकतच नाही. बोळ दक्षिणोत्तर असेल, तर ऐन मे महिन्यात सकाळी साडेदहापर्यंत आणि दुपारी अडीचनंतर तिथे पूर्ण सावली! मे महिन्यात दुपारी बाहेर पडलेल्या पुणेकराचे पाय आपोआप बोळाकडे का वळतात, याचं उत्तर या भूमितीत आहे.

याच अरुंदपणामुळे गाडीलाही लगाम बसतो. ताशी १५ किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात चार मीटर सरकते, ५०ने येणारी जवळजवळ चौदा. धक्क्यातली ऊर्जा तर वेगाच्या वर्गाने वाढते: वेग तिप्पट, तर तडाखा नऊपट. रस्ता रुंद केला की चालणाऱ्याला जागा मिळते असं वाटतं, आणि पहिल्या दिवशी मिळतेही. मग गाड्यांचा वेग वाढतो आणि कडेला पार्किंगची रांग लागते.

रहदारी शेजारधर्माचं काय करते, हे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मोजलं. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तीतले तीन रस्ते घेतले. दिवसाला दोनेक हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरा भरेना. घरं तीच, माणसं तशीच. फरक फक्त दारासमोरून काय वाहतं एवढाच. या ॲपलयार्डांचा मृत्यू १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने झाला.

पहिल्या तटाचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. व्हीलचेअर घेऊन, किंवा गुडघे बदललेल्या आजींना हाताला धरून, लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता जाऊन पाहा; पेठेच्या ‘कॅरेक्टर’चं कौतुक तिथेच आटेल. अग्निशमनाचा बंब बोळात शिरत नाही, हेही खरंच. यावरचा उपाय गाड्या कमी करण्यात आहे, भिंती मागे सरकवण्यात नाही. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन साजरा करताना लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद ठेवला. गिऱ्हाईक तुटेल, ही अशा वेळची व्यापाऱ्यांची भीती जुनीच आहे. कोपनहेगनमधली स्ट्रॉएट ही बाजारपेठ १९६२ साली गाड्यांना बंद झाली, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हटलं होतं. आज ती युरोपातल्या गजबजलेल्या पायरस्त्यांपैकी एक आहे. तसं तर पुण्याला परदेशी दाखल्याची गरजही नाही. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत लाखो पावलं याच लक्ष्मी रोडवर मावतात.

राहिला कॅरेक्टरचा प्रश्न. वाडे गेले, पेठांचं पेठपण गेलं, असा एक सुस्कारा आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. नारायण पेठेत आज लाकडी खांबांचे वाडे मोजकेच उरलेत, तरी मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीकडे चालताना आपण पेठेतच आहोत हे समजतं. कारण गल्लीची वीण आणि दर्शनी बाजूंची रुंदी बरीचशी तशीच आहे. पेठपण खरं जातं ते तीन-चार भूखंड एकत्र होऊन मोठी इमारत येते तेव्हा. नियमाप्रमाणे पार्किंग द्यावंच लागतं, म्हणून तळमजला सगळा गाड्यांचा. दुकानं, ओटे, जिने मिळून आठ दारं होती तिथे एक लोखंडी फाटक आणि अंधार. अशी चार फाटकं ओळीने आली की बोळाची सावली उरते, चौकही उरतात, पण चालायला कारण उरत नाही.

तेव्हा तुमच्या वाड्याची किंवा सोसायटीची पुनर्विकासाची बैठक लागली, तर कार्पेट एरिया आणि भाड्याच्या रकमेआधी बिल्डरला एक विचारा: रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर काय येणार? गाड्या मागे किंवा तळघरात ढकलून पुढे दोन दुकानं आणि एक ओटा ठेवता येतो का? नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी विचारा; नंतर विचारून काही उपयोग नाही.