बोलणं अंगणात, पाहणं आत

व्हॅटिकनच्या संग्रहालयात ज्या एका दालनासाठी जगभरातून माणसं येतात, त्या दालनात गाईडला तोंड उघडता येत नाही. सिस्टाइन चॅपेल ही आजही उपासनेची जागा आहे. तिथे शांतता पाळायची, फोटो काढायचा नाही, आणि गाईडने व्याख्यान द्यायचं नाही. त्यामुळे मायकेलअँजेलोच्या छताबद्दल जे काही सांगायचं असेल ते आधीच, उघड्यावर, एका अंगणात सांगून टाकावं लागतं.

त्या अंगणाला कोर्तिले देल्ला पिन्या म्हणतात. एका टोकाच्या भव्य कोनाड्यात रोमन काळातला, सुमारे चार मीटर उंचीचा ब्राँझचा पाइनशंकू आहे. मधोमध आर्नाल्दो पोमोदोरो या शिल्पकाराचा, 1990 मध्ये बसवलेला, तडकलेला सोनेरी गोल. आणि कडेकडेने सिस्टाइनच्या छताचे आणि भिंतीचे छापील फलक. प्रत्येक फलकासमोर एकेक ग्रुप उभा असतो, कानांत हेडफोन, डोक्यावर ऊन. गाईड मिटलेल्या छत्रीच्या टोकाने आदमाचं बोट दाखवतो आणि ग्रुपमधले निम्मे लोक त्या वेळी सावली शोधत असतात. खरं चित्र आत असताना छापील चित्र कशाला बघायचं, हा त्यांचा हिशेब. मला विचाराल तर अख्ख्या फेरीतली सर्वांत मोलाची मिनिटं हीच. आत गेल्यावर वर पाहायचं असतं, आणि काय पाहायचं हे ठाऊक नसेल तर साठेक फुटांवरच्या तीनशेहून अधिक आकृतींमधून नजर नुसती घसरत राहते.

पण तिथवर पोचायला बरंच चालायचं आहे. दालनांची एकूण लांबी सात किलोमीटरच्या घरात जाते. दरवर्षी साठ लाखांहून अधिक माणसं या दारातून आत येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम उन्हाळ्यातही शिथिल होत नाही. प्रवासी कंपनीने दोनदा सांगूनही कोणीतरी अर्ध्या चड्डीत येतंच. गाईडला व्हॅटिकनची स्वतंत्र परवानगी लागते. दोन-तीन तासांच्या फेरीत चांगला गाईड सगळं दाखवत नाही. तो काय गाळतो यावर त्याची पारख करावी. इजिप्तच्या ममी आणि एत्रुस्कन दागिने बहुतेक जण गाळतात. ते क्षम्य आहे. लाओकून मात्र गाळून चालत नाही, कारण या सगळ्या पसाऱ्याची सुरुवातच तिथून होते.

14 जानेवारी 1506 रोजी रोममधल्या एका द्राक्षमळ्यात खणताना संगमरवराची एक मोठी समूहमूर्ती निघाली. दोन अजस्र सापांच्या विळख्यात सापडलेला ट्रॉयचा पुरोहित लाओकून आणि त्याची दोन मुलं. पोप ज्युलियस दुसरा याने ती पाहायला वास्तुरचनाकार जुलियानो दा सांगाल्लो याला पाठवलं; त्याच्यासोबत मायकेलअँजेलोही गेला. रोमन लेखक प्लिनीने जिचं वर्णन करून ठेवलं होतं तीच ही मूर्ती, हे सांगाल्लोने पाहताक्षणी ओळखलं. पोपने ती विकत घेतली आणि बेल्वेदेरे या आपल्या उद्यानमहालात, इतर प्राचीन मूर्तींच्या शेजारी मांडली. ख्रिस्ती धर्मगुरूच्या अंगणात ग्रीक देव आणि त्यांचे बळी! संग्रहालय आपला जन्म इथूनच मोजतं.

लाओकूनचा उजवा हात मात्र मिळाला नव्हता. तो कसा असेल यावर वाद झडले आणि शेवटी वर ताणलेला, वीरश्रीचा हात जोडला गेला. मायकेलअँजेलोचं म्हणणं होतं की हात खांद्यामागे दुमडलेला असणार. चार शतकांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, लुडविग पोलाक या कलावस्तूंच्या जाणकार व्यापाऱ्याला रोममधल्या एका पाथरवटाकडे संगमरवराचा दुमडलेला हात दिसला. त्याने तो संग्रहालयाला दिला. तो हात याच मूर्तीचा आहे हे पन्नाशीच्या दशकात मान्य झालं आणि वीरश्रीचा हात उतरवून खरा हात बसवला गेला. पोलाकला ते पाहायला मिळालं नाही. तो ज्यू होता. ऑक्टोबर 1943 मध्ये नाझींनी रोममधल्या ज्यूंची धरपकड केली, तेव्हा त्याला कुटुंबासह आउश्विट्झला नेण्यात आलं. मूर्तीसमोर उभं राहून हातापर्यंत सगळे गाईड येतात. पोलाकपर्यंत फार थोडे.

याच बेल्वेदेरेच्या परिसरात आपल्याकडचा एक हत्ती पुरला होता, हे तर क्वचितच कोणी सांगतं. पोर्तुगालचा राजा मानुएल याने 1514 मध्ये पोप लिओ दहावा याला नजराणा पाठवला, त्यात भारतातून लिस्बनमार्गे आलेला एक पांढुरका हत्ती होता. रोममध्ये त्याचं नाव पडलं हान्नो. मिरवणुकीत पोपसमोर त्याने तीनदा गुडघे टेकले आणि सोंडेने जमलेल्या लोकांवर पाणी उडवलं. पोप त्याच्या प्रेमातच पडला. पण दोन वर्षांत हत्ती आजारी झाला, वैद्यांनी त्याला सोनं घातलेलं जुलाबाचं औषध पाजलं आणि तो गेला. त्याचं स्मृतिचित्र काढायचं काम राफाएलकडे आलं. ते चित्र आज उरलेलं नाही. 1962 मध्ये अंगणात खोदकाम करताना हत्तीचे दात आणि हाडं सापडली. हान्नो रोमला पोचला तेव्हा गोवा घेऊन पोर्तुगीजांना जेमतेम चार वर्षं झाली होती. पूर्वेचं राज्य मिळाल्याची वर्दी लिस्बनने रोमला हत्तीच्या पाठीवरून दिली.

सामान्य माणसांना हा संग्रह पाहता यावा म्हणून त्याला संग्रहालयाचं रूप आलं ते 1771 पासून, पोप क्लेमेंट चौदावा याच्या काळात. पुढे पंचवीसेक वर्षांनी नेपोलियन आला. 1797 च्या तोलेंतिनोच्या तहाने पोपकडून ज्या कलाकृती पॅरिसला गेल्या त्यांत लाओकूनही होता. वॉटर्लूनंतर शिल्पकार अंतोनियो कानोव्हा पोपचा वकील म्हणून पॅरिसला गेला आणि बराचसा ऐवज परत घेऊन आला. लुटलेलं परत मागण्याची ही आद्य म्हणावी अशी यशस्वी खटपट. गंमत अशी, की आता तोच प्रश्न उलट्या बाजूने व्हॅटिकनच्या दाराशी आला आहे. पार्थेनॉनच्या शिल्पांचे तीन तुकडे 2023 मध्ये ग्रीसला परत गेले. 1925 साली मिशनऱ्यांच्या प्रदर्शनासाठी जगभरातून वस्तू गोळा झाल्या होत्या. कॅनडातल्या आदिवासी समाजांच्या अशा 62 वस्तू 2025 च्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे यांनी कॅनडाच्या बिशपांच्या हवाली केल्या. फेरीच्या मार्गावर हा विषय येत नाही. यायला हवा.

बेल्वेदेरेनंतर गर्दीला सिस्टाइनची ओढ लागते. लांबच लांब दालनं एकापुढे एक येतात आणि सगळ्यांचे पाय एकाच दिशेने चालू लागतात. नकाशांच्या दालनात तर हे फारच जाणवतं. 120 मीटर लांबीच्या या दालनात भिंतींवर इटलीच्या प्रांतांचे 40 नकाशे आहेत. इन्यात्सियो दांती या गणिती धर्मगुरूच्या देखरेखीखाली ते 1580 ते 1583 या काळात रंगवले गेले. मांडणीत खरी हुशारी आहे: एका भिंतीवर पश्चिमेच्या समुद्राकडचे प्रांत, समोरच्या भिंतीवर एड्रिअ‍ॅटिकच्या बाजूचे. म्हणजे दालनातून चालणारा माणूस इटलीच्या कण्यावरून, अपेनाइन डोंगरांच्या माथ्यावरून चालत जातो. पण छतावर सोन्याचा एवढा झगमगाट आहे की लोक माना वर करून, फोन उंच धरून चालतात आणि नकाशे बिचारे तसेच राहतात. हे दालन करवून घेणारा पोप ग्रेगरी तेरावा म्हणजे आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचा कर्ता. 1582 मध्ये 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला तो त्याच्याच हुकमाने.

वेळ कमी असला की काही ग्रुप इथून थेट सिस्टाइनकडे वळतात आणि राफाएलच्या खोल्या गाळतात. असा गाईड मिळाला तर भांडावं. 1508 नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत एकाच इमारतीत, एकाच पोपसाठी, राफाएल भिंती रंगवत होता आणि काही पावलांवर मायकेलअँजेलो छत. ‘अथेन्सचं विद्यापीठ’ या चित्राच्या पुढच्या भागात, पायऱ्यांवर, हनुवटी मुठीवर टेकवून एकटाच बसलेला एक विचारवंत आहे. तो मूळ आराखड्यात नव्हता, मागाहून घातला गेला, आणि त्याचा चेहरा मायकेलअँजेलोचा मानला जातो. याच खोलीतल्या समोरच्या चित्रावर, 1527 मध्ये रोम लुटणाऱ्या जर्मन भाडोत्री सैनिकांनी ल्यूथरचं नाव खरवडून ठेवलं आहे.

आणि मग अरुंद जिने उतरून सिस्टाइन. 40 मीटरहून थोडी जास्त लांबी, 13 मीटर रुंदी, 20 मीटरहून थोडी जास्त उंची. दारातच रखवालदार, आणि दर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून ‘सिलेन्त्सियो’, म्हणजे शांतता. गर्दीला पुढे सरकवण्याची त्यांची लय आपल्या देवळांतल्या दर्शनबारीत वाढलेल्या माणसाला अजिबात परकी वाटत नाही.

अंगणातल्या फलकाचा उपयोग आता होतो. मायकेलअँजेलोने हे छत आडवं पडून रंगवलं, ही सिनेमाने पसरवलेली समजूत. तो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. त्या अवघडलेल्या अंगाबद्दल त्याने एका मित्राला उपहासाने भरलेलं सुनीत लिहिलं आणि शेजारी स्वतःचं चित्रही काढलं. 1508 मध्ये करार झाला तेव्हा तो स्वतःला शिल्पकार म्हणवत होता. तंत्रही कठीण होतं. चुन्याचा गिलावा ओला असेतोवर पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा; गिलावा वाळताना रंग भिंतीतच बांधला जातो. अजिंठ्याच्या चित्रकारांची रीत याहून वेगळी: तिथे मातीचा गिलावा वाळू द्यायचा आणि डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग वर लावायचा. ओल्या गिलाव्यात तशी सवड नाही. दिवसाला जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा, आणि चुकलं तर खरवडून पुन्हा. सुरुवातीला जलप्रलयाच्या चित्रावर बुरशी धरली. गिलाव्यातलं पाणी जास्त झालं होतं. सांगाल्लोने उपाय सांगितला आणि काम पुढे गेलं.

आत गेल्यावर एक गोष्ट मुद्दाम पाहावी. प्रवेशाच्या मूळ दाराकडच्या नोहाच्या चित्रांपासून वेदीकडे नजर न्या. जलप्रलयात माणसं पुष्कळ आणि लहान आहेत. पुढे सरकावं तशी आकृतींची संख्या घटते, अंगं मोठी होतात, आणि वेदीजवळ ईश्वर जवळजवळ एकटा, आभाळ व्यापून उरतो. याचं कारण असं, की 1511 मध्ये अर्ध्या छताखालची परांची उतरली आणि चित्रकाराला स्वतःचं काम जमिनीवरून दिसलं. बायबलमधल्या कथेचा क्रम मात्र उलटा, वेदीकडून दाराकडे येणारा. कथा एका बाजूने वाचायची आणि चित्रकार दुसऱ्या बाजूने.

वेदीमागची भिंत नंतरची, 1536 ते 1541. ‘अंतिम न्याय’ रंगवणारा माणूस साठी ओलांडलेला होता आणि त्याचा स्वभाव निवळला नव्हता. उघड्या देहांवर टीका करणाऱ्या पोपच्या समारंभ-अधिकाऱ्याला त्याने उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, नरकात, गाढवाचे कान लावून आणि सापाचा वेढा देऊन बसवला. 1565 मध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा याने हुकमाबरहुकूम त्या देहांवर वस्त्रं रंगवली. रोमने त्याला कायमचं ‘चड्डीवाला’ ठरवून टाकलं.

1980 ते 1994 या काळात जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनच्या पैशांतून छत आणि ही भिंत साफ झाली. काजळी, मेणबत्त्यांचा धूर, जुन्या दुरुस्त्यांतला सरस निघाला आणि खालून गुलाबी, पोपटी, नारिंगी असे रंग आले की काही जाणकारांना ते मायकेलअँजेलोचे वाटेनात. त्याने वाळल्यावर दिलेला शेवटचा हात धुतला गेला, हा त्यांचा आक्षेप. वाद पूर्ण मिटलेला नाही. तुलनेसाठी न पुसलेले छोटे काळपट चौकोन कोपऱ्यांत ठेवले आहेत, ते गाईडने अंगणातच दाखवून ठेवावेत. फोटोबंदीही या पैशांच्या बदल्यात निप्पॉनला दिलेल्या छायाचित्रणाच्या हक्कांच्या काळातली. हक्क संपले, बंदी राहिली. आता काळजी आहे ती माणसांच्या श्वासाची, घामाची आणि धुळीची. 2014 मध्ये नवी वातानुकूलन यंत्रणा आणि सुमारे 7,000 एलईडी दिवे बसले.

मे 2025 मध्ये ही खोली पर्यटकांना बंद होती. पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर नवा पोप निवडायला 133 कार्डिनल इथे मतदानाला बसले. त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रावही होते. मतपत्रिका जाळायला तात्पुरती शेगडी आली, छपरावर धुराडं चढलं, आणि चौथ्या फेरीत निकाल लागला. त्यानंतर लवकरच तिकिटं पुन्हा सुरू झाली.

फेरी बहुतेकांची इथेच संपते. पण पायांत त्राण असेल तर बाहेर पडण्यापूर्वी पिनाकोतेका हे चित्रदालन गाठावं. राफाएलचं अखेरचं मोठं चित्र, ‘रूपांतर’, आणि काराव्हाज्जोचं ख्रिस्ताला थडग्यात उतरवण्याचं चित्र तिथे आहेत, आणि समोर सिस्टाइनच्या मानाने फारच थोडी माणसं. चित्राच्या नाकासमोर उभं राहून बोलायलाही मनाई नाही. तिथून निघाल्यावर जुझेप्पे मोमोचा 1932 चा दुहेरी सर्पिल जिना लागतो. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना भेटू नयेत अशी त्याची रचना केली होती. आता त्यावरून फक्त उतरतात. ग्रुपची बस सुटायची वेळ मात्र आधी विचारून ठेवावी.