सांडपाण्याची सभा

मुलांनो, आज सकाळी आंघोळ केलीत ना? मोरीतलं साबणाचं पाणी जाळीतून गडप झालं आणि तुम्ही ते विसरूनही गेलात. पण ते कुठे हरवत नाही बरं का!

आधी एक छोटंसं गणित करू या. शहरात दर माणशी रोज १३५ लिटर पाणी लागेल, असं धरून नळयोजना आखतात. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. घरात पाच माणसं असतील तर रोजचं सांडपाणी किती? ५४० लिटर! आणि हे फक्त एका घराचं.

हे पाणी जमिनीखालच्या नळांतून वाहतं. सखल भागात ते पंपाने उचलावं लागतं. मग ते मैलाशुद्धीकरण केंद्रात पोचतं. तिथे गाळ खाली बसवतात, पाण्यात हवा सोडतात आणि उरलेली घाण जिवाणू खाऊन टाकतात. त्यानंतर ते पाणी नदीत सोडायचं. पंपाला वीज लागते, नळांना दुरुस्ती लागते, माणसांना पगार लागतो. त्यासाठीच घराघरांतून मलनिस्सारणाचा कर घेतात. बऱ्याच शहरांत तो घरपट्टीच्या बिलात असतो. मुंबईत मीटरच्या पाणीबिलावर ठरावीक टक्क्यांनी हा आकार लावतात.

पण कर किती, हे कोण ठरवतं? तुम्हीआम्ही निवडून दिलेले नगरसेवक! आधी स्थायी समिती प्रस्ताव मांडते. मग सर्वसाधारण सभेत चर्चा होते. मुंबईचा कायदा वेगळा आहे. राज्यातल्या इतर महापालिकांनी पुढच्या वर्षीच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असं कायदा सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात आम्ही अशीच सभा भरवली. बाकं गोल मांडली. महापौरबाई डस्टर घेऊन खुर्चीवर बसल्या. विषय होता, मलनिस्सारण कर वाढवावा की नाही?

"सगळ्या घरांना सारखा कर लावा," पहिला नगरसेवक म्हणाला.

"वा रे वा! आमची एकच खोली आणि त्यांचा बंगला. सारखा कसा?"

"मग जेवढं पाणी वापराल, तेवढा कर!"

"आमच्या घरात आठ माणसं आहेत. पाणी जास्त लागणारच. मग आम्हीच जास्त भरायचं?"

"बागेला घातलेलं पाणी गटारात जातच नाही. त्याचा कर कशाला?"

"आमच्या वस्तीत ड्रेनेजच आलेलं नाही. आम्ही का भरायचा?"

प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं खरं होतं, नाही का? शेवटी एक जण ओरडला, "वाढवूच नका! नाहीतर पुढच्या निवडणुकीत पडू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. महापौरबाईंनी डस्टर उचललं. तास संपायच्या आत सभा उरकली, म्हणून मीही मनातून खूष झाले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली. "मग कमी पडलेले पैसे कोण भरणार?"

वर्ग गप्प झाला. मग मी त्यांना इचलकरंजीची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातलं, पंचगंगेच्या काठचं हे शहर. २०१२ साली तिथे काविळीची मोठी साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की ही कावीळ पसरते. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावलीही. सांडपाण्याची नीट सोय झाली नाही, तर त्याची किंमत कुणालातरी अशी मोजावी लागते.

ती मुलगी अजून उभीच होती. "माझे मामा चेंबर साफ करतात. यंत्र आलं नाही की आत उतरतात. मामी त्या दिवशी जेवत नाही."

मुलांनो, सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आतल्या विषारी वायूने माणसं मरतात. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. पण पैशाने माणूस परत येतो का?

सभेत पुन्हा चर्चा झाली. ठराव असा झाला, की कर वाढवावा, लहान घरांना सवलत द्यावी, ड्रेनेज नाही तिथे कर नको. त्यावर त्या मुलीने उपसूचना मांडली, की वाढीव पैशातून सगळ्यात आधी सफाईचं यंत्र घ्यावं. ठराव चार मतांनी मंजूर झाला. आठ माणसांच्या घरातला तो मुलगा मात्र विरोधातच राहिला. त्याचा प्रश्न आम्हाला सोडवता आला नाही, हेही सांगायला हवं.

तुम्ही आज एक काम करा. घरातलं घरपट्टीचं किंवा पाण्याचं बिल मागून घ्या. त्यात 'मलनिस्सारण', 'मलप्रवाह' किंवा 'जलनिस्सारण' असा शब्द सापडतो का ते बघा. आकडा वहीत लिहा. मग आईबाबांना विचारा, हा जास्त वाटतो की कमी? आणि का?

बघा, तुमच्याही घरात सभा भरते की नाही!