पोटाचा घेर आणि चहातली साखर



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा आणि खत-पाण्याविषयी लिहितो. या अंकात माणसाच्या वजनाविषयी लिहीत आहोत. काट्यावर उसाचे टनेज वाढले की सर्वांना आनंद होतो. अंगावरचे वाढले की मात्र गुडघे कुरकुरतात. शिवारफेरीत आम्हाला पंचेचाळीस-पन्नाशीचे असे बरेच सभासद भेटतात, ज्यांना बांधावर मांडी घालून बसता येत नाही. कित्येकांच्या रक्तात साखरही निघाली आहे.

पूर्वी दारे धरायला रात्रभर उसात उभे राहावे लागे. आता ठिबक आले, मोटार मोबाईलवरून चालू होते, रानात जायला मोटारसायकल आहे. कष्ट वाचले हे चांगलेच झाले, पण ताट कष्टाच्या दिवसांतलेच राहिले. जादा युरिया आणि पाणी पाजलेला ऊस जोमदार दिसतो, पण लोळतो आणि उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको.

आता चहाचा हिशेब पाहू. ज्याच्या दारात जावे तिथे चहा, नको म्हटले तर राग! दिवसाला आठ कप आणि कपाला दोन चमचे धरले तर सोळा चमचे, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम साखर होते. त्यातून ३२० उष्मांक मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे दोन हजार उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी, २५ च्या आत असल्यास उत्तम. कपाला अर्धा चमचा केला तर रोज २४० उष्मांक वाचतात. महिन्याचे झाले ७,२००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० असतात. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका नाही बरं का, गूळही जवळजवळ तेवढेच उष्मांक देतो.

“कारखान्याच्या पत्रिकेत साखर कमी खा म्हणून लिहिता?” असे शेतकी कचेरीतच एकाने विचारले. आम्ही म्हटले, साखरेला मिठाई, बिस्किटे आणि शीतपेयांचे मोठे गिऱ्हाईक आहे, शिवाय आता इथेनॉल आहे. सभासदाच्या पायाला जखम होऊन ती चिघळली, तर त्याच्या उसाला पाणी कोण देणार?

भाकरी सोडू नये. एखादी कमी करून मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक वाढवावे. पोट भरलेले राहते. रश्श्यावरची तर्री मात्र बाजूला काढावी. साखरेच्या एका ग्रॅमला ४ उष्मांक, तर तेलाच्या एका ग्रॅमला ९. उपाशी राहून वजन उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात अंगातली ताकदही जाते आणि मग एकादशी दुप्पट खाशी!

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन ७ टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालायचे, एवढेच त्यांना सांगितले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ऐंशी किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आम्ही स्वतः ८६ किलोंवर होतो. जीपमधून शिवारफेरी करणाऱ्याचे दुसरे काय होणार! आता जीप रस्त्यावर सोडून प्लॉट पायी फिरतो. सात महिन्यांत ७९ वर आलो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते. बाकीच्यांनी सकाळी बेंबीच्या पातळीवर टेप लावून पाहावा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि भगिनींचा ८० च्या आत हवा. टेप नसल्यास गट कार्यालयातून न्यावा, तिथे काटाही ठेवला आहे.