दैनंदिन जाहिरातींतील तर्कदोष : न्यायशास्त्राच्या कसोटीवर

प्रस्तावना :
वृत्तपत्र, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्याद्वारे जाहिरात आज घराघरांत पोहोचली आहे. जाहिरात ही केवळ माहिती नसून ते एक अनुमान असते. ‘ही वस्तू घ्यावी’ हे साध्य आणि त्यासाठी दिलेले कारण हा हेतू होय. सदोष हेतूला न्यायदर्शनात ‘हेत्वाभास’ म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी काहींचा, तसेच तत्सम दोषांचा जाहिरातींच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१) सव्यभिचार :
जो हेतू साध्य नसतानाही आढळतो, तो सव्यभिचार होय. ‘हे तेल कोलेस्टेरॉलमुक्त आहे, म्हणून हृदयास हितकर आहे’ हे त्याचे उत्तम उदाहरण. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते. वनस्पती तूपही या अर्थाने कोलेस्टेरॉलमुक्तच. परंतु अंशतः हायड्रोजनीकरणात निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयास अपायकारक ठरतात. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल व स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. येथे विधान सत्य आहे. निष्कर्ष मात्र सिद्ध होत नाही.

२) साध्यसम :
‘सर्वांचा विश्वास असलेली वस्तू, म्हणून विश्वास ठेवा’ या वाक्यात जे सिद्ध करावयाचे तेच कारण म्हणून पुढे केले जाते. हेतू साध्याइतकाच असिद्ध राहतो.

३) काकतालीय न्याय :
पेय प्यायल्यावर मुलगा परीक्षेत पहिला येतो, असे दृश्य दाखविले जाते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अभ्यास, शिक्षक, घरचे वातावरण ही कारणे दृश्यातून वगळलेली असतात.

४) आप्ताचा आभास :
त्या विषयाचे यथार्थ ज्ञान असलेला आणि ते प्रामाणिकपणे सांगणारा तो आप्त. पांढरा कोट घातलेला नट वा मानधन घेऊन बोलणारा क्रिकेटपटू या कसोटीस उतरत नाही.

५) वाक्छल :
‘नवकंबल’ या शब्दाचा ‘नवे कांबळे’ हा अभिप्रेत अर्थ सोडून ‘नऊ कांबळी’ असा घेणे हे वाक्छलाचे पारंपरिक उदाहरण. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द असेच कार्य करतो. ५ टक्के सूट दिली तरी विधान खोटे ठरत नाही. ग्राहकाच्या मनात मात्र ५० हाच आकडा राहतो.

कायदा आणि विवेक :
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा प्रकरणी उत्पादकास अथवा प्रसिद्धी करणाऱ्या व्यक्तीस १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. परंतु ही कारवाई जाहिरात प्रसृत झाल्यानंतरची असते. अनुमान तर प्रेक्षकाच्या मनात त्याच क्षणी पूर्ण होते.

समारोप :
सदोष जाहिरातीतील प्रत्येक विधान खोटे असतेच असे नाही. अनेकदा सत्य विधानांतूनच चुकीचा निष्कर्ष सुचविला जातो. त्यामुळे ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाबरोबरच ‘यावरून ते सिद्ध होते काय?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. औषध, अन्न आणि शिक्षण यांच्या निवडीत या दुसऱ्या प्रश्नाचे मोल आरोग्याच्या आणि कष्टाच्या पैशाच्या रूपाने मोजावे लागते. तर्कशास्त्राच्या अध्यापनात जाहिरातींचा उदाहरण म्हणून उपयोग केल्यास हा विषय विद्यार्थ्यांच्या जीवनाशी सहज जोडता येईल.